सहकारातील नीती

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला सहकार ही गोष्ट कोणत्याही कायद्याने प्रथम शिकविली असे नाही. ज्याच्या दावणीला एकच बैल असेल त्याने शेजाऱ्याच्या बैलाशी जोड जमवावी, दोघांनी मिळून आधी एकाचे रान आणि मग दुसऱ्याचे रान हाताखालून काढावे, या रीतीला 'सावड' म्हणत. एखाद्याचे काम अडले म्हणजे गावाने आपापली औते घेऊन त्याच्या शेतात उतरावे आणि त्याने सर्वांना जेवू घालावे, या रीतीला 'इर्जिक' हे नाव होते. या व्यवहारात वही नसे, पावती नसे. कोणाचे किती दिवस कोणाकडे फिरायचे राहिले हे साऱ्यांच्या ध्यानात असे. आणि जो आपली पाळी चुकवी त्याला पुढच्या हंगामात बैल मिळत नसे. ओळख हेच तेथे तारण होते आणि चारचौघांतील लाज हाच तेथील कायदा होता.

आधुनिक सहकारी संस्था येथूनच वेगळी होते. तिचे सभासद शेकड्यांनी व हजारांनी मोजावे लागतात. त्यांतील बहुतेकांनी एकमेकांची तोंडे पाहिलेली नसतात. त्यांचा माल दूरच्या बाजारात जातो, पैसा अनेक हातांतून फिरतो, आणि आज केलेल्या व्यवहाराचे फळ वर्षाअखेरीस पदरात पडते. अशा ठिकाणी केवळ स्मरणाने आणि ओळखीने भागत नाही. सहकाराचे गोडवे गाताना त्याग, बंधुभाव, निःस्वार्थ सेवा या शब्दांचा सढळ हाताने उपयोग केला जातो. ते शब्द खोटे आहेत असे नाही. परंतु ज्या संस्था टिकल्या त्यांचा इतिहास पाहिला, तर त्यांनी आपले सभासद संत आहेत असे कधीही गृहीत धरलेले दिसत नाही. सामान्य, गरजू, प्रसंगी मोहात पडणाऱ्या माणसालाही प्रामाणिक राहणे परवडावे, अशी व्यवस्था त्यांनी लावली. सहकारातील नीती प्रथम शोधावयाची ती या व्यवस्थेत: मापात, वहीत आणि मतात.

इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावी २१ डिसेंबर १८४४ च्या रात्री उघडलेल्या एका लहानशा दुकानाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अठ्ठावीस जणांनी, आणि त्यांत बरेचसे विणकर होते, आठवड्याला काही पेन्स बाजूला टाकून २८ पौंडांचे भांडवल जमविले आणि टोड लेन या गल्लीत लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल मांडला. त्याच गावी सुमारे दहा वर्षांपूर्वी असा एक प्रयत्न होऊन गेला होता आणि तो उधारीने बुडाला होता. बेकारीच्या दिवसांत शेजाऱ्याला नाही कसे म्हणावे, या भलेपणापायीच ते दुकान संपले. नव्या मंडळींनी हा धडा घेतला. विक्री रोखीने होईल, माल निर्भेळ असेल, वजन पुरते असेल, नफा भांडवलाच्या प्रमाणात न वाटता ज्याने जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणात वाटला जाईल, आणि भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच असेल, असे नियम त्यांनी केले. पुढे शिलकीतील शेकडा अडीच भाग ते सभासदांच्या शिक्षणासाठी काढून ठेवू लागले. पिठात भेसळ आणि तराजूत खोट ही त्या काळच्या गरीब गिऱ्हाइकाच्या नित्य अनुभवाची गोष्ट होती. अशा बाजारात पुरते वजन देणे हाच एक सामाजिक शोध ठरला. उपदेशाने जे साधले नव्हते ते तराजूने साधले.

भारतात सहकाराचा प्रवेश झाला तो मात्र वेगळ्या वाटेने. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांचे दंगे झाले. त्यांचा आरंभ पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी झाला. त्या दंग्यांत जमावाचा रोख बहुतेक ठिकाणी सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. रोखे आणि खते बाहेर काढून जाळली गेली. ज्या कागदावर आपला अंगठा उमटला आहे त्यावर लिहिले आहे काय, हे वाचण्याची शक्ती ऋणकोच्या अंगी नव्हती. मुद्दल किती, व्याज किती, फेडले किती, हे सारे दुसऱ्याच्या वहीत आणि दुसऱ्याच्या अक्षरात. हिशेबाची मालकी एकाच्या हाती असली म्हणजे देवघेवीची गुलामगिरी कशी होते, हे त्या जळत्या कागदांनी दाखविले.

पुढे मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपातील शेतकी पतपेढ्यांचा अभ्यास करावयास सांगितले, आणि जर्मनीतील रायफायझेन यांच्या धर्तीवरील ग्रामीण पतसंस्था हा उपाय त्यांनी सुचविला. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९१२ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. तथापि अर्धे शतक लोटल्यावर, १९५१-५२ मध्ये, ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी करण्यात आली तेव्हा शेतकऱ्याच्या एकंदर कर्जापैकी अवघे शेकडा ३.१ कर्ज सहकारी संस्थांकडून मिळत असल्याचे आढळले. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या गोरवाला समितीच्या अहवालाने हे अपयश स्पष्ट शब्दांत मांडले. पण त्याबरोबरच सहकाराला पर्याय नाही हेही सांगितले. या अपयशाची कारणे अनेक होती. परंतु त्यांतील एक कारण नीतीच्या प्रश्नाशी निगडित आहे. कायदा वरून आला होता. निबंधक सरकारचा, नियम सरकारचे, तपासणी सरकारची. त्यामुळे बहुतेक गावांत संस्था म्हणजे सरकारची पेढी आणि सभासद म्हणजे तिचा कर्जदार, एवढेच नाते उरले. सावकाराची वही जाऊन सरकारची वही आली; सभासदाला ती वही अद्याप आपली वाटत नव्हती.

ती आपली वाटावी म्हणजे काय व्हावे लागते, याचे उत्तर गुजरातेतील खेडा जिल्ह्याने दिले. तेथील दूध मुंबईस नेण्याचा मक्ता एका खासगी कंपनीच्या हाती होता आणि दुधाचा भाव उत्पादकाच्या हाती मुळीच नव्हता. दूध ही वस्तू अशी, की ती दोन प्रहर घरात ठेवून चांगल्या भावाची वाट पाहता येत नाही. विकणारा नेहमीच अडलेला असतो. ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा या गावी मोरारजी देसाई यांच्या उपस्थितीत शेतकऱ्यांची सभा झाली. गावोगाव दूध संस्था काढाव्या, त्यांचा एक जिल्हा संघ करावा आणि मक्तेदाराला दूध घालू नये, असे ठरले. सुमारे पंधरा दिवस खेड्यातून मुंबईस दूध गेले नाही. डिसेंबर १९४६ मध्ये संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल हे त्याचे अध्वर्यू. आरंभी त्याच्या पदरी गावसंस्था होत्या दोन, आणि रोजचे दूध होते अडीचशे लिटरांच्या आसपास.

या प्रयोगाचे मर्म गावातील दूध संकलन केंद्रावर दिवसातून दोनदा पाहावयास मिळते. पहाटे आणि सायंकाळी बाया-माणसे चरव्या घेऊन येतात आणि ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने एका ओळीत उभी राहतात. जमीनदार असो की भूमिहीन असो, सवर्ण असो की हरिजनवाड्यातील असो, ओळ एकच आणि सर्वांचे दूध पडते ते एकाच भांड्यात. दूध मापले जाते, त्याचा लहानसा नमुना निराळा काढला जातो, त्यातील स्निग्धांश तपासला जातो आणि भाव ठरतो तो त्या स्निग्धांशावर. पूर्वीच्या पद्धतीत केवळ मापावर पैसे मिळत. त्यामुळे पाणी घालणाऱ्याचा फायदा होई, आणि जो घालीत नसे तो आपल्या सचोटीचा दंड भरी. स्निग्धांशावर भाव देताच पाण्याचे मोल शून्य झाले. कोणाला शपथ घालावी लागली नाही, कोणावर पाळत ठेवावी लागली नाही. आकडा सभासदाच्या देखत त्याच्या पुस्तकात मांडला जाई आणि सकाळच्या दुधाचे पैसे सायंकाळी, सायंकाळचे दुसऱ्या सकाळी हाती पडत. हिशेब वर्षाअखेरीपर्यंत लांबला म्हणजे संशयाला जागा होते. येथे तो बारा तासांत पुरा होत असे.

नीती आणि नवा शोध यांचा परस्परसंबंध किती जवळचा असतो, हेही याच संघाच्या इतिहासात दिसून येते. म्हैस हिवाळ्यात अधिक दूध देते आणि उन्हाळ्यात आटते. मुंबईची गरज मात्र बारमाही सारखीच. हिवाळ्यातील वाढीव दूध मुंबई घेईना. व्यापाऱ्यापुढे असा प्रसंग आला असता तर त्याने जादा दूध परत पाठविले असते किंवा भाव पाडला असता. बाजाराच्या नीतीत त्याला दोषही देता आला नसता. परंतु सभासदाचे दूध नाकारावयाचे नाही, हे संघाचे मूळ वचन होते. ते पाळावयाचे तर त्या दुधाची भुकटी करून ठेवणे हा मार्ग होता. आणि म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही, असे दुग्धव्यवसायात पुढारलेल्या देशांतील तज्ज्ञ सांगत होते, कारण त्यांचा अनुभव होता गाईच्या दुधाचा. हरिचंद मेघा दलाया या तंत्रज्ञाने ते करून दाखविले आणि १९५५ साली आणंद येथे भुकटीचा कारखाना उभा राहिला. या शोधाच्या मुळाशी प्रयोगशाळेतील जिज्ञासा होती तितकीच गावातील ओळीत शेवटी उभ्या असलेल्या बाईला दिलेल्या शब्दाची निकडही होती. दिलेला शब्द मोडण्याची मुभा ज्यांना नसते, त्यांनाच नव्या वाटा काढाव्या लागतात.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९४९ साली व्हर्गीज कुरियन हे केरळीय अभियंते सरकारी नोकरीनिमित्त आणंदला आले आणि पुढे संघाचे काम पाहू लागले. परप्रांतीय, शहरी, शेतीशी संबंध नसलेला मनुष्य शेतकऱ्यांच्या संस्थेचा व्यवस्थापक होतो आणि तीस यश मिळते, यामागे कामाची एक स्वच्छ वाटणी होती. धोरण आणि सभासदांचा विश्वास सांभाळणे हे त्रिभुवनदासांचे काम. यंत्रे, बाजार आणि कारभार हे कुरियन यांचे काम. निवडून आलेल्याने तज्ज्ञाच्या कामात हात घालावयाचा नाही आणि तज्ज्ञाने आपण धनी आहो असे समजावयाचे नाही. सहकार्य हा शब्द भारतात बहुधा एकत्र जमण्याच्या अर्थाने वापरला जातो. परंतु आपला अधिकार कोठे संपतो हे जाणणे, हा त्याचा अधिक अवघड अर्थ आहे. ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी अजरपुरा या गावी एका शेतकऱ्याच्या घरी एक रात्र मुक्काम केला आणि गावकऱ्यांशी बोलून या यशाचे कारण शोधले. इतर प्रांतांतील सरकारी दुग्धालयांना न साधलेली गोष्ट येथे कशी साधली, हा त्यांचा प्रश्न होता. माती, पाऊस, जनावरे यांत त्यांना काही विशेष आढळले नाही. विशेष आढळला तो एवढाच, की हे दुग्धालय शेतकऱ्यांच्या मालकीचे होते. पुढल्याच वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि त्याचे ठिकाण म्हणून दिल्लीऐवजी आणंदची निवड झाली. आज एकट्या गुजरातेत सुमारे ३६ लक्ष उत्पादक या व्यवस्थेत दूध घालतात.

माप खरे, वही उघडी आणि मत समान, एवढ्याने सहकाराची नीती पुरी होते काय? येथे एक दुसरा आणि अधिक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. संस्थेच्या आत सर्व न्याय असेल; पण आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरविले कोणी? रॉचडेलच्याच मंडळींनी १८५४ साली एक सूतगिरणी काढली आणि नफ्यातील काही भाग तेथे राबणाऱ्या कामगारांना देण्याचा नियम केला. गिरणी भरभराटीस आली, विस्तारासाठी नवे भागधारक घेतले गेले, आणि १८६२ साली या नव्या बहुमताने कामगारांचा तो वाटा काढून टाकला. मतदान नियमानुसार झाले होते. हिशेबही चोख होता. तरीही ज्यांच्या श्रमावर गिरणी चालत होती त्यांचा वाटा गेला तो गेलाच.

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीला हा प्रश्न आजही चुकलेला नाही. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्षपद पत्करले, वैकुंठभाई मेहता यांचे साहाय्य लाभले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या कारखान्याचे धुराडे पेटले. ऊस पिकविणारा कारखान्याचा मालक झाला, आणि त्या मालकीतून पुढे शाळा, महाविद्यालये, दवाखाने उभे राहिले. हे कार्य लहान नव्हे. परंतु उसाच्या फडात कोयता चालविणारा मनुष्य या मालकीच्या बाहेरच राहिला. पावसाळा संपला म्हणजे बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून लाखो माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन कारखान्यांच्या परिसरात येतात. मुकादमाकडून त्यांनी आगाऊ 'उचल' घेतलेली असते आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडावयाची असते. किती उचल घेतली, किती फिटली, किती पुढील सालावर गेली, हे लिहिले जाते मुकादमाच्या वहीत. नवरा आणि बायको मिळून 'एक कोयता' अशी गणती होते. मोजणीतच बाई वेगळी दिसत नाही. मग मजुरीत, आजारपणात आणि बाळंतपणात ती वेगळी दिसावी कशी? उसाच्या वजनकाट्यावर शेतकऱ्याचा टन न् टन टिपला जातो, आणि तो ऊस तोडणाऱ्या अर्ध्या माणसांचे नाव कोणत्याही वहीत नसते. १८७५ साली ज्या जिल्ह्यांत दुसऱ्याच्या वहीविरुद्ध आग पेटली, त्याच मुलखातील आजच्या सहकारी कारखान्यांना हा प्रश्न विचारण्याचा इतिहासाला अधिकार आहे.

या बाबतीत निराश होण्याचे मात्र कारण नाही, कारण उंबरठा रुंद करता येतो हेही सिद्ध झालेले आहे. अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी १९७२ साली स्वयंरोजगारी स्त्रियांची 'सेवा' ही संघटना स्थापिली. भाजी विकणाऱ्या, गाडा ओढणाऱ्या, चिंध्या वेचणाऱ्या या स्त्रिया रोज सकाळी भांडवलासाठी सावकाराकडे जात आणि सायंकाळी कमाईचा मोठा भाग व्याजात घालवीत. १९७४ साली चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी १० रुपयांचा भाग घेऊन आपली सहकारी बँक काढण्याचे ठरविले. ज्यांना सही करता येत नाही त्यांनी बँक कशी चालवावी, हा आक्षेप आलाच. त्यावर सभासद स्त्रिया सही करावयास शिकल्या, आणि खातेदार बाईचे छायाचित्र तिच्या पासबुकावर लावण्याची पद्धत बँकेने सुरू केली. निरक्षर स्त्रीचा चेहरा हीच तिची सही झाली. ही युक्ती दिसावयास साधी आहे. पण बँकेच्या मापात जी मावत नव्हती तिच्यासाठी येथे माप बदलले गेले, हे तिचे खरे महत्त्व होय. १९९५ साली मँचेस्टर येथे आंतरराष्ट्रीय सहकारी परिषदेने आपली तत्त्वे नव्याने मांडताना समाजाविषयीच्या आस्थेचे सातवे तत्त्व त्यांत घातले. दीडशे वर्षांच्या अनुभवाने सहकाराला उंबरठ्याबाहेर पाहणे भाग पडले होते.

संस्था रसातळाला जाते ती बहुधा एका दिवसात जात नाही. वार्षिक सभेत अहवाल वाचला न वाचला तोच 'मंजूर, मंजूर' असा गजर होतो. हिशेबाविषयी प्रश्न विचारणारा विघ्नसंतोषी ठरतो. संचालकांच्या नातेवाइकांची कर्जे तारणावाचून वर्षानुवर्षे फिरत राहतात. २०१९ साली मुंबईतील एका मोठ्या नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा आरंभी खातेदाराला सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची परवानगी होती. बँकेच्या कर्जाचा फार मोठा भाग एकाच उद्योगसमूहाकडे गेलेला होता आणि तो हिशेबात दडविण्यात आला होता, असे तपासात पुढे आले. आयुष्यभराची पुंजी अडकलेल्या वृद्धांच्या रांगा तेव्हा लोकांनी पाहिल्या. २०११ च्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापण्याला मूलभूत हक्काचे स्थान दिले आहे. परंतु हक्क देणारी घटना सभासदाऐवजी वही वाचू शकत नाही. ते काम सभासदानेच करावयाचे असते.

सहकारी संस्थेच्या नीतीची परीक्षा घ्यावयाची झाल्यास तिच्या उद्घाटनाची भाषणे वाचून ती होणार नाही. तिच्या काट्यापाशी उभे राहावे आणि आकडा मालाच्या धन्यासमोर लिहिला जातो की नाही ते पाहावे. तिच्या सभेत बसावे आणि प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळते की दटावणी, ते ऐकावे. आणि शेवटी तिच्या दाराबाहेर येऊन, तिच्यासाठी राबणाऱ्या पण तिच्या वहीत नाव नसलेल्या माणसांची मोजदाद करावी. ज्या संस्थेत ही तिसरी संख्या वर्षागणिक घटत जाते, तिने सहकार हे नाव सार्थ केले असे म्हणावयास हरकत नाही.